हिरव्या बाणाची साक्ष : इंडिकेटरचा मीटरमधला दिवा बिघडतो तेव्हा

इंडिकेटरची दांडी सरकवली, टिकटिक सुरू झाली, पण मीटरमधला हिरवा बाण काही पेटला नाही; किंवा पेटला, पण नेहमीच्या दुप्पट घाईने लुकलुकू लागला. अशा वेळी बहुतेक वाहनमालक एकच निष्कर्ष काढतात, तो म्हणजे बाणच बिघडला आणि आता डॅशबोर्ड उघडावा लागणार. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकतो. इंडिकेटरच्या सगळ्या परिपथात बाण हा सर्वांत लहान आणि सर्वांत कमी वीज घेणारा दिवा असतो, आणि त्याला नेमून दिलेले काम एवढेच, की बाहेरच्या दिव्यांचे काय चालले आहे ते चालकाला कळवावे. त्यामुळे बाण विचित्र वागू लागला तर तो कसा वागतो हे नीट पाहावे, आणि मग गाडीतून उतरून बाहेरचे दिवे पाहावेत. डॅशबोर्डाला हात लावण्याची पाळी शेवटी येते, आणि अनेकदा येतच नाही.

वीज कोणत्या वाटेने जाते हे आधी समजून घेऊ. त्यासाठी ज्या गाडीत दिव्यांचा कारभार अजून संगणकाकडे गेलेला नाही अशी साधी, बारा व्होल्टची मोटार डोळ्यांसमोर ठेवावी. बॅटरीतून निघालेली वीज इग्निशन स्विच आणि फ्यूज ओलांडून बहुधा हॅझर्डच्या, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावणाऱ्या स्विचमधून जाते. तिथून फ्लॅशरमध्ये, म्हणजे वीज ठरावीक तालाने चालू-बंद करणाऱ्या डबीमध्ये, आणि फ्लॅशरमधून स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये, म्हणजे दांडीच्या स्विचमध्ये. दांडी ज्या बाजूला कलते त्या बाजूच्या तारेत वीज खंडित स्वरूपात, म्हणजे चालू-बंद अशी, जाऊ लागते. या एका तारेवर त्या बाजूचे सगळे दिवे समांतर जोडलेले असतात : पुढे २१ वॅटचा बल्ब, मागे २१ वॅटचा, अनेक गाड्यांत मडगार्डवर ५ वॅटचा, आणि मीटरमध्ये जेमतेम १.२ वॅटचा किंवा त्याच्या आसपासचा बाण. बाहेरचे तीन दिवे मिळून ४७ वॅट, म्हणजे बारा व्होल्टला सुमारे ३.९ अँपिअर प्रवाह घेतात, तर बाण केवळ ०.१ अँपिअर. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढचे बरेचसे निदान त्यांच्यातल्या फरकावर उभे आहे.

तपासणीची सुरुवात अगदी साधी आहे. किल्ली फिरवून, इंजिन न लावता, आधी डावा आणि मग उजवा इंडिकेटर लावावा आणि गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक दिवा डोळ्यांनी पाहावा. मग इंडिकेटर बंद करून हॅझर्डचे बटण दाबावे आणि पुन्हा एक फेरी मारावी. हॅझर्डवर सगळे दिवे व्यवस्थित लागत असतील, तर कॉम्बिनेशन स्विचपासून दिव्यांपर्यंतच्या तारा, बल्ब आणि अर्थिंग (म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून, बॉडीतून, बॅटरीकडे परतण्याची वाट) हे सगळे एका झटक्यात निर्दोष ठरते. आणि बहुतेक गाड्यांत दोन्ही कामांना एकच फ्लॅशर असल्यामुळे तोही सुटतो. मग दोष उरतो तो इंडिकेटरच्या फ्यूजमध्ये, हॅझर्डच्या स्विचमधल्या त्या संपर्कबिंदूंत ज्यांतून एरवी इंडिकेटरची वीज जाते, किंवा दांडीच्या स्विचमध्ये. हॅझर्डचे बटण वर्ष-वर्ष कोणी दाबत नाही आणि त्याच्या आतले संपर्क काळे पडत जातात. त्यामुळे ते बटण दहा-पंधरा वेळा दाबून सोडल्यावर मेलेले इंडिकेटर जिवंत झाले, तर त्यात चमत्कार काहीच नाही. मात्र तो स्विच लवकरच साफ करावा किंवा बदलावा लागणार, एवढे त्यातून समजावे. हॅझर्डवर बाण पेटतो आणि दांडीवर पेटत नाही, असे एकाच बाजूला होत असेल, तर दांडीच्या स्विचचा त्या बाजूचा संपर्क झिजलेला असतो. आणि बाहेरचे दिवे दोन्ही प्रकारांत ठीक चालत असूनही बाण मात्र कधीच पेटत नसेल, तरच खुद्द बाणाकडे संशयाने पाहावे.

आता घाईने लुकलुकणाऱ्या बाणाविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये इंडिकेटरचा रंग पिवळसर नारिंगी असावा आणि त्याने मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही व १२० पेक्षा जास्त नाही इतक्या वेळा लुकलुकावे, असे सांगितले आहे. घड्याळ लावून पंधरा सेकंदांतली लुकलुक मोजावी आणि तिला चाराने गुणावे. उत्तर दोनशेच्या आसपास आले, तर त्या बाजूचा बाहेरचा एखादा बल्ब उडाला असल्याची जवळजवळ खात्री धरावी. फ्लॅशरला हे कळते कसे? इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये दिव्यांकडे जाणारा सगळा प्रवाह एका अगदी लहान रोधातून (प्रवाहाला अडवणाऱ्या भागातून) जातो, आणि त्या रोधावर किती व्होल्टेज पडते हे आतली चिप पाहत असते. एक २१ वॅटचा बल्ब गेला की प्रवाह ३.९ अँपिअरवरून २.२ अँपिअरच्या आसपास उतरतो, आणि मग चिप मुद्दाम वेग सुमारे दुप्पट करते. हा बिघाड मुळीच नाही. बाहेर काहीतरी गेले आहे हे चालकाला कळावे म्हणून केलेली ती सोय आहे. म्हणूनच बाण स्वतः उडाला म्हणून लुकलुक जलद होत नाही, कारण चार अँपिअरच्या हिशेबात त्याचा दशांश अँपिअर फ्लॅशरच्या खिजगणतीतही नसतो. मागच्या पिढीचा, तापणाऱ्या पट्टीवर चालणारा फ्लॅशर मात्र नेमका उलटा वागतो. त्याची पट्टी दिव्यांच्याच प्रवाहाने तापते, त्यामुळे बल्ब उडून प्रवाह कमी झाला की ती सावकाश तापते आणि लुकलुक मंदावते किंवा बाण न मिटता पेटलेलाच राहतो. जुन्या गाडीच्या मालकाने नव्या गाडीच्या मालकाला दिलेला सल्ला इथे हमखास फसतो.

बल्ब बदलताना दोन गोष्टी पाहाव्यात. नारिंगी काचेच्या २१ वॅटच्या बल्बच्या दोन खिळ्या एकमेकींच्या बरोबर समोरासमोर नसतात, तर किंचित एका बाजूला सरकलेल्या असतात. पारदर्शक काचेच्या त्याच वॅटच्या बल्बच्या खिळ्या समोरासमोर असतात. चुकीचा बल्ब होल्डरमध्ये बसू नये म्हणून ही योजना आहे, आणि तो पक्कडीने दाबून बसवणारे हात त्या योजनेवर मात करतात. दुसरे म्हणजे बल्बच्या जागी एलईडी बसवण्याची हौस. एलईडी दोन-तीन वॅटवर भागवतो, त्यामुळे फ्लॅशरच्या दृष्टीने बल्ब उडालेलाच असतो आणि बाण धावू लागतो. यावर दुकानदार सहा ओहमचा भलामोठा रोध समांतर जोडून देतात. तो रोध चालू असताना दोन अँपिअर, म्हणजे २४ वॅट, निव्वळ उष्णतेत घालवतो आणि प्लास्टिकजवळ बांधला गेला तर ते वितळवतो. वीज वाचवणारा दिवा लावायचा आणि वाचलेली वीज जाळण्यासाठी शेगडी ठेवायची, हा व्यवहार माझ्या मते तरी करू नये. फ्लॅशर वेगळा निघत असेल तर एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवावा, नाहीतर मूळचा बल्ब परत लावावा.

लुकलुक मंद असेल आणि दोन्ही बाजूंना सारखीच मंद असेल, तर आधी बॅटरी पाहावी. दुचाकीवर हे विशेष जाणवते : इंजिन संथ चालत असताना बाण पेटून तसाच राहतो किंवा अर्धवट पेटतो, आणि ॲक्सिलरेटर पिळला की नीट लुकलुकू लागतो. अशा वेळी बॅटरी थकलेली असते आणि दिवे त्या क्षणी केवळ चार्जिंगच्या जिवावर चाललेले असतात. इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर चांगल्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या पुढे आकडा दिसायला हवा, आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. हे ठीक असूनही बाण न लुकलुकता पेटून राहत असेल, तर फ्लॅशरचे संपर्क चिकटलेले असतात आणि तो बदलण्यावाचून इलाज नसतो.

बाहेरचे सगळे दिवे निर्दोष आहेत आणि एकाच बाजूचा बाण अंधारात आहे, एवढे पक्के झाले की मग मीटर उघडण्याचा विचार करावा. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे, आणि मीटरपर्यंत पोहोचताना अनेक गाड्यांत स्टिअरिंगभोवतीचे आवरण काढावे लागते. म्हणून आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून काही मिनिटे थांबावे. मीटरच्या पाठीमागे, बल्ब असलेल्या जुन्या रचनेत, पाव वळसा देऊन निघणारे छोटे होल्डर दिसतात. इथली सर्वांत चांगली चाचणी फुकटात होते : डाव्या आणि उजव्या बाणांचे बल्ब एकमेकांच्या जागी बसवावेत. अंधार बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब उडालेला आहे. तो जागच्या जागी राहिला तर होल्डर, त्याखालची लवचीक छापील पट्टी किंवा कपलर (मीटरला तारा जोडणारा प्लग) यांत दोष आहे. त्या पट्टीवरचा तांब्याचा पातळ थर होल्डरच्या जागी झिजतो किंवा उचलला जातो, आणि मग डॅशबोर्डावर थाप मारली की बाण पेटतो. थापेने पेटणारा दिवा म्हणजे सैल संपर्क, आणि त्यावरचा उपाय होल्डरच्या पत्र्या हलकेच बाहेर वाकवणे. इथेही एलईडी बसवला असेल तर त्याला दिशा असते. तो पेटला नाही तर काढून उलटा बसवून पाहावा.

एक लक्षण मात्र असे आहे की ते पाहिल्याबरोबर जाणकार मिस्त्री मीटरच्या अर्थिंगवर बोट ठेवतो. डावा इंडिकेटर लावला की दोन्ही बाण एकदम, पण अर्ध्या उजेडाने लुकलुकतात, आणि बाहेर मात्र फक्त डावे दिवे लागतात. दोन्ही बाणांना मिळून असलेली अर्थची वाट तुटली की डाव्या तारेतली वीज डाव्या बाणातून निघते, तुटलेल्या अर्थच्या जागी अडते, आणि उलट उजव्या बाणात शिरून उजव्या बाजूच्या बाहेरच्या बल्बांमधून बॉडीला पोहोचते. दोन सारखे बल्ब एकापाठोपाठ आल्याने बारा व्होल्टची त्यांच्यात वाटणी होते आणि दोघेही मिणमिणतात. वीज वाट तुटली म्हणून थांबत नाही, तिला दुसरी वाट सापडली तर ती तिकडून जाते, हे मनात ठेवले की पुढचेही बरेच गूढ उलगडते.

उदाहरणार्थ, ब्रेक दाबला की बाण मंद उजळतो. इंडिकेटर तर बंद आहे, मग बाणाला वीज दिली कोणी? मागच्या दिव्याच्या डब्यात इंडिकेटर, ब्रेक आणि टेल या तिन्ही बल्बांना मिळून बहुधा एकच अर्थची तार असते. ती तुटली किंवा तिच्या टोकाला गंज चढला की ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या विजेला बॉडीकडे जाता येत नाही. ती त्याच डब्यातल्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटी शिरते आणि इंडिकेटरच्या तारेने पुढे येऊन तिथल्या दिव्यांमधून व मीटरमधल्या बाणातून आपली वाट पुरी करते. वाटेत दोन-तीन बल्ब एकापाठोपाठ आल्यामुळे बाणाच्या वाट्याला थोडेसेच व्होल्टेज येते, म्हणून तो पूर्ण न पेटता उजळतो. थोडक्यात, दोष मागे डिकीजवळ आणि लक्षण पुढे मीटरमध्ये. कोकणातल्या किंवा समुद्राकाठच्या कुठल्याही गावातल्या गाडीत दोन-चार पावसाळ्यांनंतर हा प्रकार दिसला तर नवल मानू नये. टेललाइटच्या रबरातून आत गेलेले पाणी आणि खारी हवा मिळून होल्डरवर, तांब्या-पितळेच्या भांड्यावर चढतो तसा, हिरवट कळंक चढवतात.

हे शोधताना मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचे यंत्र, एका ठिकाणी फसवतो. कळकलेल्या जोडातून बल्ब पेटण्याइतका प्रवाह जात नाही, पण मल्टिमीटरला लागणारा प्रवाह इतका नगण्य असतो की बल्ब काढून मोजले तर तो निवांतपणे बारा व्होल्ट दाखवतो. नळाला पाणी आहे, पण धार नाही, अशी ही अवस्था. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, दिवा चालू असताना मोजावे : मल्टिमीटरची एक दांडी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी होल्डरच्या अर्थच्या टोकाला लावावी. आकडा एकदोन दशांश व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तिथेच दोष आहे. मल्टिमीटर नसेल तर एक लांब तार घेऊन होल्डरचे अर्थचे टोक बॉडीच्या रंग खरवडलेल्या पत्र्याला तात्पुरते जोडावे, आणि लक्षण नाहीसे झाले तर तार कायमची नीट करून घ्यावी. आणखी एक अडचण अशी की लुकलुकणाऱ्या तारेवर डिजिटल मल्टिमीटरचे आकडे एकसारखे उड्या मारतात आणि त्यांतून काहीच बोध होत नाही. तिथे बल्बचा साधा टेस्ट लॅम्प अधिक कामाचा. तो त्या तारेच्या तालावर लुकलुकतो आणि भारही घेतो. मात्र दिवे संगणकाकडून चालणाऱ्या गाडीत तो वापरू नये, कारण नाजूक आउटपुटवर तो नको तितका भार टाकतो.

अशा नव्या गाड्यांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे, कारण घरी करण्यासारखे त्यांत थोडेच उरले आहे. दांडी तिथे प्रत्यक्ष वीज जोडत नाही, तर बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या संगणकाला, केवळ विनंती करते. मॉड्यूल बाहेरचे दिवे लावते आणि मीटरला वेगळा संदेश पाठवते. टिकटिकसुद्धा लहान स्पीकरमधून ऐकवलेली असते. बाण हा मीटरच्या पाटीवर कायमचा झाळलेला एलईडी असतो किंवा पडद्यावरचे चित्र. किल्ली फिरवल्यावर इंजिन, ऑइल वगैरेंचे दिवे क्षणभर पेटून स्वतःची हजेरी देतात, पण इंडिकेटरचे बाण बहुतेक गाड्यांत त्या हजेरीत नसतात, म्हणून त्या वेळी ते पेटले नाहीत तर घाबरू नये. गाडीच्या संगणकाशी बोलणारा स्कॅनर जोडून मीटरला बाण पेटवण्याची थेट आज्ञा देता येत असेल तर ती देऊन पाहावी. त्या आज्ञेनेही बाण पेटला नाही, तर दोष मीटरमध्ये आहे.

सर्वांत फसवा प्रकार मात्र साध्या दुचाकीवर भेटतो. अनेक मोटारसायकलींच्या मीटरमध्ये डावा-उजवा असे दोन बाण नसतात, तर दोन्हींसाठी मिळून एकच हिरवा दिवा असतो, आणि तो अर्थला न जोडता सरळ डाव्या व उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला असतो. डावा इंडिकेटर लावला की डाव्या तारेत बारा व्होल्ट असतात. वीज या दिव्यातून उजव्या तारेत जाते आणि उजव्या बाजूच्या थंड बल्बांमधून बॉडीला पोहोचते. हा छोटा दिवा ३.४ वॅटचा धरला तर त्यातून ०.२८ अँपिअर जातो. थंड असताना बल्बच्या तारेचा रोध पेटलेल्या अवस्थेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका असतो, त्यामुळे उजवीकडचे १० वॅटचे दोन बल्ब मिळून जेमतेम ०.७ ओहम भरतात, आणि त्यांच्यावर ०.२ व्होल्टही पडत नाही. म्हणून ते पेटत नाहीत आणि मधला दिवा पूर्ण पेटतो. एकाच बल्बात आणि अर्थच्या तारेशिवाय काम भागवणारी ही युक्ती आहे, आणि मला तरी ती फार आवडते.

पण तिच्यामुळे निदान उलटे होते. डावा इंडिकेटर लावल्यावर मीटरमधला दिवा पेटत नाही आणि उजवा लावल्यावर पेटतो, तर दोष डावीकडे शोधू नये; उजवीकडचे दोन्ही बल्ब उडालेले असतात किंवा त्या बाजूची अर्थ तुटलेली असते, कारण डाव्या बाजूच्या विजेची परतीची वाट उजवीकडूनच आहे. एकच उजवा बल्ब गेला असेल तर मात्र दुसऱ्यामधून वाट मिळते आणि मीटरमधला दिवा काहीच तक्रार करत नाही. अशा गाडीवर हौसेने चारही एलईडी इंडिकेटर लावले की तक्रार अशी येते की एका बाजूची दांडी सरकवली तरी चारही दिवे लुकलुकतात. थंड बल्बाची ती जवळपास मोकळी वाट आता उरलेली नसते, आणि मधल्या दिव्यातून येणारा थोडासा प्रवाह विरुद्ध बाजूचे एलईडी पेटवायला पुरेसा होतो. फ्लॅशर कितीही बदलले तरी हे थांबत नाही. त्यासाठी मधल्या दिव्याच्या दोन्ही तारा सोडवाव्या लागतात. प्रत्येक तारेत एक साधा डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालून दोन्ही डायोडांची पट्टे असलेली टोके एकत्र आणावीत आणि दिव्याच्या एका टोकाला जोडावीत; दिव्याचे दुसरे टोक बॉडीला द्यावे. जोडून झाल्यावर दोन्ही बाजू एकेक करून लावून पाहाव्यात, आणि एका बाजूला मीटरमधला दिवा पेटला नाही तर त्या बाजूचा डायोड उलटा लागला आहे असे समजून तो फिरवून बसवावा.